मदत हवी आहे : कोरिप्पोचे लोकसंख्येचे आकडे कसे जुळवायचे?

स्वित्झर्लंडमधल्या तिचिनो राज्याच्या वर्झास्का खोऱ्यातल्या कोरिप्पो गावावर टिपण तयार होतंय. १८५० मध्ये सुमारे तीनशे वस्ती, २००० मध्ये अवघी २२. देशातली सर्वांत लहान ग्रामपालिका म्हणून हे दगडी घरांचं गाव गाजलं, पण १८ ऑक्टोबर २०२० ला ती वर्झास्का नावाच्या नव्या पालिकेत विलीन झाली.

अडचण इथेच आहे. ब्रिओने, फ्रास्को, सोनोन्यो, वोगोर्नो या शेजारच्या पालिका नव्या पालिकेत अख्ख्या आल्या. लावेर्तेत्सो आणि कुन्यास्को-जेर्रा यांचे मात्र फक्त खोऱ्यातले भाग. त्यामुळे जुन्या पालिकांचे आकडे सरळ बेरजेला घेतले की या दोघींची खोऱ्याबाहेरच्या मागादिनोच्या मैदानातली वस्तीही आत शिरते आणि खोऱ्यातली घट खूपच सौम्य दिसते. हे भाग वेगळे मोजलेले जुने तक्ते कुठे मिळतील?

दुसरा प्रश्न जास्त अवघड. खोऱ्यातली कुटुंबं हिवाळ्यात गुरं घेऊन मैदानात उतरत, आणि १८६० पासूनच्या जनगणना बहुतेक डिसेंबरात झाल्या. मग ही माणसं खोऱ्यात धरली की मैदानात? एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीचे नियम कोणी पाहिले असतील तर कृपया सांगा.

'मूळ गाव कोरिप्पो' अशी नोंद असलेल्यांची संख्या सुचवू नका. स्विस कागदपत्रांतलं मूळ गाव वारशाने चालत येतं. तिथे राहण्याशी त्याचा संबंध नसतो. कुरणं-जंगलं सांभाळणाऱ्या 'पात्रित्सियातो' या स्थानिक संस्थेची सभासद यादीही त्याच कारणाने निरुपयोगी. इटालियन किंवा जर्मन दस्तऐवज चालतील.