स्विचवरून पिंग जाते, पण संगणकांना इंटरनेट मिळत नाही

प्रश्न:
नमस्कार. आमच्या छापखान्यात नुकताच लेयर ३ स्विच (वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये डेटाची वाटही ठरवू शकणारा स्विच) बसवला असून कार्यालयासाठी व्हीलॅन १० आणि छपाई विभागासाठी व्हीलॅन २० असे दोन भाग (एकाच स्विचवरील दोन स्वतंत्र नेटवर्क) केले आहेत. त्यांचे सबनेट (पत्त्यांचे गट) अनुक्रमे १९२.१६८.१०.० आणि १९२.१६८.२०.० असून दोन्हींचा मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० आहे. फायबरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि त्याच्याकडे जाणाऱ्या पोर्टवर स्विचला १९२.१६८.१.२ दिला आहे. स्विचवरून ८.८.८.८ या इंटरनेटवरील गूगलच्या सर्व्हरला पिंग केल्यास (म्हणजे चाचणीचा संदेश पाठवल्यास) उत्तर येते. छपाई विभागातील संगणकावरून मात्र १९२.१६८.२०.१ (व्हीलॅन २० मधील स्विचचा पत्ता) आणि १९२.१६८.१.२ येथपर्यंतच उत्तर मिळते, १९२.१६८.१.१ काहीच बोलत नाही. दोष स्विचमध्ये शोधावा की राउटरमध्ये?

उत्तर १:
स्विचवर राउटिंग (एका सबनेटमधून दुसऱ्यात डेटा पाठवणे) सुरू नसेल, तर संगणकाला दुसऱ्या सबनेटमधील राउटरपर्यंत जाताच येणार नाही, म्हणून आधी ते तपासावे. काही स्विचवर राउटिंग सुरू केल्यावर ‘डीफॉल्ट गेटवे’ची जुनी ओळ विचारात घेतली जात नाही व ०.०.०.० चा राउट (इतर कोठल्याही पत्त्यासाठीची वाट, म्हणजेच डीफॉल्ट राउट) वेगळा लिहावा लागतो.

प्रश्नकर्ता:
राउटिंग सुरू आहे आणि तो राउटही लिहिलेला आहे.

उत्तर २:
मग स्विचवरील पिंग तुमची दिशाभूल करत आहे. स्विच स्वतः पिंग करतो तेव्हा पाकिटावर (डेटाच्या तुकड्यावर) पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा पडतो आणि तो राउटरच्या शेजारचाच असल्यामुळे उत्तर सरळ परत येते. संगणकाचे पाकीटही राउटरपर्यंत पोहोचत असणार, पण १९२.१६८.२०.० हे नेटवर्क कोठे आहे हे राउटरला कोणी सांगितलेलेच नाही, म्हणून तो ते उत्तर आपल्या डीफॉल्ट राउटने बाहेर, सेवा पुरवणाऱ्याकडे धाडतो आणि तेथे ते टाकून दिले जाते. स्विचवरूनच, पण व्हीलॅन २० हा स्रोत देऊन पुन्हा पिंग करून पाहा. तेही अडकले, तर खात्री पटेल. उपाय राउटरमध्ये आहे: १९२.१६८.१०.० आणि १९२.१६८.२०.० या दोन्हींसाठी स्टॅटिक राउट (हाताने लिहिलेली कायमची वाट) लिहून गेटवे म्हणून १९२.१६८.१.२ द्यावा. मात्र घरगुती धाटणीचे काही राउटर केवळ स्वतःच्या सबनेटचेच नॅट (आतील खासगी पत्त्यांऐवजी बाहेर स्वतःचा पत्ता लावणे) करतात; तुमचा तसा असल्यास स्विच आणि त्याच्यामध्ये आपला एक राउटर बसवून त्यावर नॅट करणे हाच व्यवहार्य मार्ग. त्यामुळे दोनदा नॅट होईल, जे मला फारसे रुचत नाही, पण नेहमीच्या कामाला त्याची अडचण येत नाही.

प्रश्नकर्ता:
व्हीलॅन २० चा स्रोत देताच स्विचवरील पिंगही अडकले. दोन्ही राउट लिहिल्यावर १९२.१६८.१.१ आणि ८.८.८.८ या दोघांकडूनही उत्तर येऊ लागले, म्हणजे नॅटची अडचण आमच्याकडे नाही. तरीही संकेतस्थळे उघडत नाहीत.

उत्तर १:
डीएचसीपीमध्ये (संगणकांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेत) डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता कोणता दिला आहे?

प्रश्नकर्ता:
१९२.१६८.२०.१, म्हणजे स्विचचाच. स्विच डीएनएसची चौकशी पुढे पाठवत नाही, हे ध्यानात आले नव्हते. तेथे ८.८.८.८ (गूगलचा तो सर्व्हर डीएनएसचाच आहे) लिहून संगणकाची केबल काढून पुन्हा लावली आणि पाने उघडू लागली. कार्यालयाच्या व्हीलॅनमध्येही तीच चूक होती. तीही आत्ताच दुरुस्त केली. आभारी आहे.