कासवाला पाल-सापाच्या ओळीतून बाहेर काढा

काठावरचा, प्रतापनगर
दहावीच्या पुस्तकात सरीसृप वर्गाची उदाहरणं म्हणून कासव, पाल, साप एका ओळीत दिलेत. शिकवणीत ती ओळ आली की मी विचारतो, नागपूरच्या फुटाळा तलावावरचा बगळा आणि ट्यूबलाइटमागची पाल, यातलं कासवाला जवळचं कोण? सगळा वर्ग पाल म्हणतो. उत्तर बगळा आहे. 2013 मध्ये हिरवं समुद्री कासव आणि मऊ पाठीचं एक चिनी कासव, अशा दोघांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडे, वाचले गेले. त्यात कासवं मगर आणि पक्षी यांच्या शेजारी बसली. पाल, सरडे, साप हे वेगळंच घराणं निघालं.

मग सरळ दोनच रस्ते उरतात. पक्ष्यांना सरीसृपांत घ्या, नाहीतर मगर आणि कासव दोघांनाही त्यातून काढा. पोरांना पंधराव्या वर्षी एक शिकवायचं आणि बीएस्सीला ते पुसायला लावायचं, हा काय प्रकार आहे?

फळा-खडू
बीएस्सीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं शिकवलंय, म्हणून बोलतो. पुसावं लागत नाही, भर घालावी लागते. कासवाचं हृदय तीन कप्प्यांचं, पालीचंही तीन. मगरीचं आणि बगळ्याचं चार. कासव-पाल दोघांच्याही अंगावर खवले, शरीराचं तापमान बाहेरच्यावर अवलंबून. हे मुलाला दिसतं, चाचपता येतं. जीनोम कोणत्या शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवणार? आणि जीनोमवाल्यांचं तरी कुठे एकमत होतं? 2012 मध्ये मायक्रो-आरएनए, म्हणजे पेशीतले आरएनएचे अगदी छोटे रेणू, तपासून कासव पालीच्या बाजूचं असल्याचं छापून आलं, आणि त्याच वर्षी डीएनएवाल्यांनी ते मगर-पक्ष्यांच्या बाजूला नेलं. दर दोन वर्षांनी पुस्तक बदलायचं का?

काठावरचा
सर, 2014 मध्ये ते मायक्रो-आरएनए पुन्हा तपासलं गेलं आणि तेही मगर-पक्ष्यांकडेच वळलं, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. हृदयाचं म्हणाल तर तीन कप्पे ही जुनी मिळकत आहे, बेडकाकडेही आहे. म्हणून बेडूक पालीचा सख्खा होत नाही. जुनं काय टिकून राहिलं यावरून नातं ठरत नाही, नवं काय सामाईक आहे त्यावरून ठरतं. तुम्हीच हे वर्गात सांगितलं असणार.

वर्धा रोडचा गडी
राजेहो, मी कॉमर्सवाला मानूस. मले एवढं सांगा, कासवाले दात नाही, चोच हाये, अंडे देते. म्हनून ते पक्ष्याच्या जवळचं म्हंता का? आन लहानपनी टीव्हीवर पायलं होतं, कासव कवच काढून ठेवते आन नदीत पोहाले जाते. ते खरं नसनच म्हना.

काठावरचा
भाऊ, चोचीवरून अजिबात नाही. चोच दोघांकडे स्वतंत्रपणे आली. चीनमध्ये सापडलेल्या ओडोन्टोकेलिस या जीवाश्माचं वर्णन 2008 मध्ये आलं. वय सुमारे 22 कोटी वर्षं. त्याच्या जबड्यात दात आहेत, पोटाचं कवच पूर्ण आहे आणि पाठीचं अजून बनलेलंच नाही, नुसत्या रुंद झालेल्या बरगड्या. म्हणजे ढाल आधी पोटाला आली.

कवच काढून ठेवणं म्हणजे पाठीचा कणा काढून ठेवणं. वरचं कवच हे कणा आणि बरगड्या पसरून, जोडून झालेलं हाड आहे. त्यात रक्त आहे, संवेदना आहे. घरच्या कासवाला ऑइलपेंट लावणाऱ्यांनी हे वाचावं. बरगड्या अशा घट्ट झाल्यावर छाती फुगवून श्वास घेता येत नाही, म्हणून कासव पोटातले स्नायू आवळून-सोडून फुप्फुसं हलवतं. आणि खरी कमाल खांद्याची. आपल्या खांद्याचं पातं बरगड्यांच्या बाहेर, कासवाचं आत! पाठीचा कणा असलेला असा दुसरा प्राणी नाही.

फळा-खडू
बघा, इतका वेळ जे रंगवून सांगितलंत ते सगळं हाडांचं. जीनोमवर तुमच्या दोन ओळी झाल्या. माझा मुद्दा हाच आहे. आणि कवटीचंही ऐका. इतर सरीसृपांच्या कवटीला डोळ्यामागे भोकं असतात, कासवाला नाहीत, म्हणून आम्ही त्याला सगळ्यात जुन्या घराण्यात टाकायचो. 2015 मध्ये जर्मनीतल्या पॅपोकेलिस या कासवाच्या पूर्वजासारख्या जीवाश्माचं वर्णन आलं, वय 24 कोटी वर्षं, आणि त्याच्या कवटीला ती भोकं निघाली. पुढे बुजली, इतकंच. हेही दगडातल्या हाडानेच सांगितलं. नातं तुमचं मान्य करतो, शिकवण्याचा क्रम नाही.

पिंजरा-गाडी
तुमच्या दोघांच्या भांडणात नागपूरचं कासव राहून गेलं. मी जखमी प्राणी सोडवायच्या कामात असते. लोक फोन करतात, "ताई, विहिरीत कासव आहे." कोणतं, ते कोणालाच सांगता येत नाही. पाठ कातड्यासारखी गुळगुळीत आणि पोटाखाली मागच्या पायांवर बंद होणाऱ्या झडपा असतील तर ते आपल्याकडचं झडपवालं कासव. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते अनुसूची 1 मध्ये आहे, घरात ठेवणं गुन्हा. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते अमेरिकेतलं, जगातल्या 100 सर्वात उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीतलं. लोक पहिल्याला वास्तूसाठी टाकीत कोंडतात आणि दुसरं मोठं झालं की पुण्य म्हणून तलावात सोडतात. बरोब्बर उलटं! बगळा जवळचा की पाल, हे पोरांना नंतर कळलं तरी चालेल. आधी पोटाची बाजू बघायला शिकवा.

काठावरचा
ताई, हे वर्गातही सांगेन. पण ओळख शिकवायची म्हणून नातं चुकीचं शिकवावं, हे काही पटत नाही.

वर्धा रोडचा गडी
सगळं समजलं. आता माह्या पोरीनं पेपरात सरीसृपाचं उदाहरन म्हनून बगळा लिवला त मार्क भेटतीन का?

काठावरचा
नाही भेटणार. म्हणून तर हा धागा काढला.

फळा-खडू
माझ्याकडे पेपर आला असता तर विचारलं असतं, पिसांचं काय? त्यावर दोन ओळी असत्या तर दिला असता अर्धा.