मदत हवी आहे : पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये २५पी०२ हाच त्रुटीचा कोड सतत येतो आहे

रात्रपाळी : काल रात्रीपासून आमच्या नव्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये एकही नोंद जतन होत नाही आणि दर वेळी पडद्यावर २५पी०२ एवढेच उमटते. सध्याचे ट्रान्झॅक्शन (सगळ्या मिळून पार पडणाऱ्या किंवा सगळ्या रद्द होणाऱ्या आज्ञांचा गट) रद्द झाले असून ते संपेपर्यंत पुढच्या आज्ञा स्वीकारल्या जाणार नाहीत, असा त्याचा अर्थ मिळाला; पण ते रद्द का झाले, हे कुठेच सांगितलेले नाही. सर्व्हर दोनदा बंद करून सुरू केला. माणसे काम थांबवून बसली आहेत, कृपया नेमका उपाय सांगावा.

जुना_खांब : आमच्याकडे असेच सगळे अडकले होते. एका वेळी डेटाबेसला जोडता येणाऱ्या कनेक्शनची कमाल मर्यादा वाढवली आणि प्रश्न सुटला. तुम्हीही आधी तेच करावे.

तळटीप : मर्यादा संपली असती तर ५३३०० आला असता. या कोडची पहिली दोन अक्षरे त्रुटीचा वर्ग सांगतात : ५३ म्हणजे साधने अपुरी, २५ म्हणजे ट्रान्झॅक्शनची अवस्था चुकीची. २५पी०२ हा नेहमी परिणाम असतो; त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्याआधी दुसरी कोणती तरी आज्ञा फसलेली असते. आवृत्ती कोणती, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) काय आहे आणि काल काय बदलले, हे कळल्याशिवाय पुढे काही सांगता येणार नाही.

रात्रपाळी : आवृत्ती १४. काल काहीही बदललेले नाही. लॉगमध्ये हीच ओळ शेकडो वेळा आहे.

मोकळी_ओळ : प्रत्येक आज्ञेआधी सेव्हपॉइंट ठेवा. आज्ञा फसली तरी तिथपर्यंत मागे येऊन पुढचे काम चालू ठेवता येते. आम्ही सर्वत्र हेच करतो.

ओरॅकलवाला : ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ०१५५५ हा कोड आला तर अनडूची (बदलाआधीची माहिती ठेवण्याची) जागा आणि लांबलेली क्वेरी तपासावी लागते. तुम्हीही लांबलेल्या क्वेरी पाहाव्यात.

तळटीप : ओरॅकलच्या त्या कोडचा येथे संबंध नाही, आणि सेव्हपॉइंटने काम पुढे सरकले तरी मूळ चूक तशीच राहील. लॉगच्या प्रत्येक ओळीत वेळेनंतर चौकटी कंसात प्रोसेसचा क्रमांक असतो. शेवटच्या त्रुटीचा क्रमांक घ्या, फक्त त्याच क्रमांकाच्या ओळी वर वर वाचत जा आणि निराळी दिसणारी पहिली त्रुटी तपशिलाच्या ओळीसकट येथे द्या.

रात्रपाळी : सापडली. प्राथमिक कीच्या (प्रत्येक नोंदीची ओळख असलेले मूल्य पुन्हा येता कामा नये, या) निर्बंधाचा भंग झाला असून तपशिलात ‘की आयडी १८७ आधीच अस्तित्वात आहे’ असे आहे. आधीच्या प्रयत्नात १८६ होता, त्याआधी १८५. आयडी आम्ही देतच नाही, डेटाबेस स्वतः देतो, मग तो आधीच कसा असेल?

मोकळी_ओळ : मग आज्ञेत ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (मूल्य आधीच असेल तर काही करू नको) लिहा, त्रुटी येणारच नाही.

तळटीप : कृपया हे करू नका. त्रुटी येणार नाही हे खरे, पण आयडी जुळला म्हणून नवी नोंद गुपचूप टाकून दिली जाईल आणि ती गेल्याचे कुणालाही कळणार नाही. तुमची मूळ त्रुटी २३५०५ आहे, म्हणजे एकदाच यायला हवे ते मूल्य पुन्हा आले. रात्रपाळी, या टेबलात अलीकडे बाहेरून माहिती भरली आहे का?

रात्रपाळी : हो, काल संध्याकाळी चाचणीच्या नोंदी पुसून जुन्या १२,८४६ नोंदी फाइलमधून आयडीसकट आणल्या. ते काम विनातक्रार पार पडले, म्हणून लिहिले नव्हते.

तळटीप : कारण तेच आहे. ओळी आयडीसकट भरल्या की क्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सला त्याचा पत्ताच लागत नाही. तो चाचणीच्या वेळी थांबला होता तिथूनच पुढे मोजतो. एकदा दिलेला क्रमांक ट्रान्झॅक्शन रद्द झाले तरी परत घेतला जात नाही, म्हणून तुमचा आकडा प्रत्येक प्रयत्नाला एकाने वाढतो आहे. सेटव्हॅल हे फंक्शन वापरून सीक्वेन्स टेबलातील सर्वांत मोठ्या आयडीवर आणून ठेवा, आणि काल भरलेली बाकीची टेबलेही तपासा.

बारीक_नजर : पहिली त्रुटी पडद्यावर का आली नाही, हेही पाहायला हवे. बहुधा तुमचा प्रोग्राम ती पकडून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्रुटींच्या टेबलात लिहू पाहतो. ते लिहिणे २५पी०२ने फसते आणि मूळ निरोप तिथेच गाडला जातो. आधी रोलबॅक करावे, म्हणजे फसलेले ट्रान्झॅक्शन मागे घ्यावे, मग निराळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहावे.

रात्रपाळी : प्रोग्राममध्ये अगदी तसेच लिहिलेले निघाले. सेटव्हॅल चालवल्यावर पहिली नोंद १२,८४७ क्रमांकाने जतन झाली. आणखी दोन टेबलांचे सीक्वेन्स असेच मागे होते, तेही पुढे आणले. त्रुटी लिहिण्याआधी रोलबॅक करण्याचा बदल आज दुपारी करतो. फाइल भरल्याचे पहिल्याच निरोपात लिहायला हवे होते. सर्वांचे मनापासून आभार.