ओपन वॉटर कोर्सचा अभ्यास: जुनं पुस्तक, पीडीएफ की सेंटर देईल ते?

मांजराकाठ (लातूर)

दिवाळीनंतर मालवणला जाऊन ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, करायचं ठरायलंय. मी आणि माझा भाचा, तो 13 वर्षांचा. सेंटरवाले म्हणाले, "थिअरी घरूनच करून या." आता थिअरी म्हणजे नेमकं काय घ्यायचं, हे कळेना झालंय. एकजण पॅडी या डायव्हिंग एजन्सीचं जुनं मॅन्युअल टेबलासकट अर्ध्या किमतीत द्यायलाय. एक पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट फिरायलंय. यूट्यूबवर तर ढीगच आहे.

जुन्या पुस्तकावर भागेल का? दोघांत एक साहित्य चालेल का? आणि आता सगळे मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर वापरतात म्हणतात, मग किती खोलीवर किती मिनिटं राहायचं ते आकड्यांचं टेबल शिकायचं का नाही? भाच्याचं इंग्रजी बेताचंच आहे, तेही सांगून ठेवते.

खोलपाणी (छ. संभाजीनगर)

पैसे काढण्याआधी सेंटरला एक फोन करा. दोनच प्रश्न विचारा: कोर्स पूर्ण झाल्याचं कार्ड कोणत्या एजन्सीचं मिळणार, आणि सांगितलेल्या फीमध्ये ई-लर्निंग धरलंय की वेगळं? पहिल्याचं उत्तर पॅडी असेल तर पॅडीचंच साहित्य लागेल, एसएसआय असेल तर एसएसआयचंच. दोन्ही कार्डं एकाच आयएसओ पातळीची, त्यामुळे दर्जाची चिंता नको. पण एकाचा अभ्यास करून दुसऱ्याची परीक्षा देता येत नाही. दुसरा प्रश्न विचारला नाही तर वेबसाइटवरून कोड विकत घ्याल आणि सेंटरच्या बिलातही तोच खर्च निघेल.

जुनं मॅन्युअल घेऊ नका. पॅडीच्या नियमानुसार प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचं, चालू आवृत्तीचं साहित्य हवं, आणि ते कोर्सनंतरही त्याच्याचकडे राहायला हवं. वापरलेल्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणामागचे प्रश्न आधीच्या माणसाने भरून ठेवलेले असतात, ती पानं तुमची म्हणून कोण धरणार? पीडीएफचीही तीच गत. त्यातलं भौतिकशास्त्र चुकीचं नसेल, पण त्याची नोंद कुठेच होत नाही. ई-लर्निंगचं खातं माणसाच्या नावावर असतं, म्हणजे तुमचं एक आणि भाच्याचं एक. यात काटकसर नाही.

खातं उघडताना एकक विचारतात, तिथे मेट्रिक निवडा. इथे घाईत भलतंच बटण दाबलं जातं. आपल्याकडे गेजवर हवेचा दाब बारमध्ये आणि खोली मीटरमध्ये असते, आणि अभ्यास फूट-पीएसआयमध्ये झाला तर बोटीवर डोक्यात गुणाकार करत बसाल. अमेरिकी व्हिडिओ बघताना एवढं लक्षात ठेवा: 33 फूट म्हणजे 10 मीटर, 60 फूट म्हणजे 18 मीटर, 3000 पीएसआय म्हणजे साधारण 207 बार.

यूट्यूब जोडीला चालेल, पण मास्कमधलं पाणी काढणं, रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) परत तोंडात घेणं असली कौशल्यं डोळ्यांखालून घालण्यापुरतंच. चॅनेल पारखायची एक सोपी खूण आहे. पाठीवरच्या सिलिंडरला जो "ऑक्सिजनची टाकी" म्हणतो, त्याच्याकडून काही शिकू नका. त्यात साधी दाबलेली हवा असते, 21 टक्के ऑक्सिजनवाली.

पॅडीच्या थिअरीत पाच प्रकरणं आहेत. शेवटी 50 प्रश्नांची परीक्षा, उत्तीर्ण व्हायला 75 टक्के. ती घरून ऑनलाइन दिली तरी सेंटरवर एक छोटी उजळणी चाचणी घेतातच, म्हणून नुसती पानं सरकवत जाऊ नका. अ‍ॅपमध्ये प्रकरणं आधी उतरवून ठेवा म्हणजे प्रवासातही वाचता येतील.

वेळ कशाला द्यायचा? दाब, आकारमान आणि हवेचा हिशेब. बाकी सगळं यावरच उभं आहे. पाण्याच्या वर 1 बार, 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3. हवेचं आकारमान अनुक्रमे पूर्ण, निम्मं, एक तृतीयांश. म्हणजे सर्वांत मोठा बदल वरच्या 10 मीटरमध्येच होतो, आणि नवशिका नेमका तिथेच असतो.

आता हे गणित वहीत करा. 12 लिटरचा सिलिंडर 200 बारला भरला की 2400 लिटर हवा. 50 बार राखीव ठेवले तर वापरायला 1800 लिटर उरतात. वर मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर 10 मीटरवर 40 लागतील, म्हणजे 45 मिनिटं. 18 मीटरवर दाब 2.8 बार, मिनिटाला 56 लिटर, म्हणजे जेमतेम 32 मिनिटं. घाबरून धापा टाकल्या तर त्याहून कमी.

टेबलाचं उत्तर यातच आहे. पॅडीच्या मेट्रिक टेबलात 18 मीटरवर राहण्याची मर्यादा 56 मिनिटं, 12 मीटरवर 147. पहिल्या डाइव्हला हवा आधी संपते आणि टेबलाची मर्यादा नंतर येते. ही मर्यादा श्वासातून अंगात मुरणाऱ्या नायट्रोजनमुळे असते. दुसऱ्या डाइव्हला पहिलीचा नायट्रोजन अंगात शिल्लक असतो आणि मर्यादा बरीच खाली येते. कोर्स टेबलाने शिकवणार की कॉम्प्युटरने, हे सेंटरला विचारून घ्या. कॉम्प्युटरचा असला तरी टेबलावर चार उदाहरणं सोडवाच. स्क्रीनवरचा आकडा कुठून आला ते कळतं.

साधा_डॉक्टर (परभणी)

अभ्यासाच्या गठ्ठ्यात एक कागद सगळे विसरतात: मेडिकल फॉर्म. पहिल्या पानावर 10 प्रश्न. सगळ्यांना "नाही" असेल तर सही करा, विषय संपला. काही प्रश्नांना "हो" म्हटलं की दुसऱ्या पानावरचे उपप्रश्न बघायचे, काहींना "हो" म्हटलं की थेट डॉक्टर. दमा, हृदयविकार, मधुमेह, फिट, कानाचं ऑपरेशन हे सगळं त्यात येतं. पंचेचाळिशीच्या पुढे असून सिगारेट ओढत असाल किंवा बीपी असेल, तर तेही.

हा फॉर्म मालवणला पोचल्यावर उघडू नका. तिथे "हो" निघालं तर डॉक्टरची सही मिळेपर्यंत तुम्ही किनाऱ्यावरच. लातूरातच तिन्ही पानं छापा, शेवटचं पान डॉक्टरांसाठी असतं. अनेक डॉक्टरांनी तो फॉर्म आधी पाहिलेला नसतो, म्हणून नुसतं "फिटनेस सर्टिफिकेट द्या" म्हणू नका. तेच पान समोर ठेवा आणि त्यावरच सही-शिक्का घ्या. आणि "हो" असताना "नाही" लिहू नका, पाण्याखाली दमा कागद बघून थांबत नाही.

भाचा सज्ञान नाही, त्याच्या फॉर्मवर आईवडिलांची सही लागेल. तुम्ही सोबत असलात तरी त्यांच्याकडून आधीच घेऊन ठेवा.

मांजराकाठ (लातूर)

डोळे उघडले. अजून एक. भाचा आमच्या शेतातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलाय, आता सूर मारतो, बुडी मारून तळाची माती आणतो. पोहण्याच्या परीक्षेची काळजी नाही ना? आणि पाण्यातला सराव इथल्याच पोहण्याच्या तलावात करून गेलं तर मालवणचे दिवस वाचतील का?

बालाघाटी (बीड)

पोहण्याची चिंता नाही. 200 मीटर न थांबता, म्हणजे 25 मीटरच्या तलावात 8 फेऱ्या, वेळेची अट नाही. मास्क-फिन-स्नॉर्कल लावून 300 मीटर पोहलं तरी चालतं. शिवाय 10 मिनिटं तरंगत राहणं. विहिरीतला गडी हे सहज करतो. फक्त आठ फेऱ्या सलग मारायचा सराव करून घ्या, कारण विहिरीत दोन हात मारले की काठ येतो.

पण विहिरीची एक सवय मोडावी लागेल: दम कोंडणे. बुडी मारणारा वरची हवा घेऊन खाली जातो, ती खाली आक्रसते आणि वर येताना मूळ आकाराला येते, त्यामुळे फुफ्फुसाला धोका नाही. स्कूबात तुम्ही खालीच त्या खोलीच्या दाबाची हवा घेता. ती कोंडून वर आलात तर ती फुगते आणि तिला जायला जागा नसते. भरलेल्या फुफ्फुसाला इजा व्हायला दीड मीटरही पुरतं, म्हणजे तलावातसुद्धा. म्हणून पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. रेग्युलेटर तोंडातून निघाला तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचे. भाच्याकडून आत्तापासून ते बुडबुडे सोडण्याचं घोटून घ्या.

इथे तलावात करून जाणं शक्य आहे, त्याला रेफरल म्हणतात. थिअरी आणि तलावातले पाच टप्पे एकीकडे, समुद्रातल्या चार डाइव्ह दुसरीकडे. पण ते प्रमाणित इन्स्ट्रक्टरनेच घ्यावं लागतं, रेफरलच्या कागदांसह. पॅडीत शेवटच्या टप्प्यापासून 12 महिन्यांत उरलेलं पूर्ण करायचं. पोहायला शिकवणाऱ्या कोचने घेतलेला सराव यात धरत नाहीत. जवळ असा इन्स्ट्रक्टर नसेल तर सगळं मालवणलाच करा, तीन-चार दिवस धरून चला. आणि तलावात खाली जायला बेल्टला लावलेलं वजन समुद्राला पुरत नाही. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड. माणूस आणि सामान मिळून 90 किलो असेल तर समुद्रात दोन-सव्वादोन किलो जास्त लागतं.

कुणी म्हणेल, जायकवाडीतच करू. पॅडीत समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वर उंचीवरची डाइव्ह धरतात, जायकवाडीचं पाणी साधारण 460 मीटरवर. टेबल तसंच्या तसं लागू होत नाही, गाळात दिसतही नाही.

जाता जाता: भाच्याला अजून मिशा फुटल्या नसतील, पण सोबत येणाऱ्या पुरुषांना सांगा. नाकाखालच्या मिशांतून मास्कमध्ये पाणी शिरतं. वरची एक रेघ कातरली तरी पुरे.

खोलपाणी (छ. संभाजीनगर)

परतीच्या प्रवासाबद्दल कुणी लिहिलं नाही. अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून थिअरीत विमानाचा नियम येतो: एक डाइव्ह असेल तर किमान 12 तास थांबा, एकाहून जास्त किंवा अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर 18. लोक वाचतात आणि म्हणतात, आपण तर गाडीने जाणार. पण हा नियम सुमारे 600 मीटर उंचीपासून पुढे धरतात, आणि आंबोली 690 मीटरवर आहे. दुसरा घाट धरला तरी शेवटी पठारावर चढायचंच आहे. दुपारी शेवटची डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढू नका. ती रात्र मालवणलाच काढा आणि दुसऱ्या दिवशी 18 तास भरल्यावर निघा. बुकिंग करतानाच ही रात्र धरा.

भाच्याच्या इंग्रजीसाठी: प्रत्येक प्रकरणातले पंधरा-वीस शब्द वहीत काढा आणि समोर मराठीत अर्थ नाही, कृती लिहा. "इक्वलाइझ": नाक दाबून हळूच फुंकर, कान दुखायच्या आधी, दर मीटरला. "सेफ्टी स्टॉप": 5 मीटरवर 3 मिनिटं. शब्द इंग्रजीच राहू द्या, कारण इन्स्ट्रक्टर तेच बोलणार.

मांजराकाठ (लातूर)

फोन केला. एसएसआयचं निघालं, आणि साहित्य फीमध्येच धरलेलं आहे. म्हणजे ते जुनं पॅडीचं पुस्तक तसंही वाया गेलं असतं.

बालाघाटी (बीड)

मग मायएसएसआय अ‍ॅपवर दोघांची वेगळी खाती उघडा, वेगळे ईमेल टाका, आणि सेंटर म्हणून तेच निवडा. साहित्य त्यांच्याकडूनच उघडून मिळतं. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा, पुढे कार्डावर तेच येतं.