शब्दचर्चा: हवेची 'आणीबाणी' कोण लावतं?

सातपूरवाला: थंडी आली की दिल्लीच्या बातम्यांत 'प्रदूषणाची आणीबाणी' सुरू. घरी आजोबा हा शब्द ऐकला की लगेच ७५ सालावर जातात. हवेच्या बाबतीत ती खरंच कोणी लावतं का पेपरवाल्यांचंच नाव आहे? आणि आमच्या गल्लीत रात्री कचरा पेटवतात, सगळ्यांना खोकला, तीपण आणीबाणीच ना?

द्वारकासर्कल: ७५ ची घटनेतली, कलम ३५२ ची, तिचा इथे काही संबंध नाही. दिल्लीसाठी २०१७ ला ग्रॅप आला (द्राक्षं नाहीत हो नाशिककर, प्रदूषण वाढेल तसा पायरीपायरीने लागू होणारा कृती आराखडा आहे), त्यात सगळ्यात वरच्या पायरीच्या नावातच इमर्जन्सी होतं आणि व्याख्या सगळी आकड्यांची, पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) घनमीटरमागे ३०० मायक्रोग्रॅमच्या वर नाहीतर पीएम १० (त्याहून जाडे कण) ५०० च्या वर, तेही सलग ४८ तास. म्हणजे लोकांनी आधी दोन दिवस ती हवा ओढायची, मग ट्रक बंद, बांधकामं बंद. २०२२ ला जरा शहाणपण आलं, एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) ४५० च्या पुढे जाणार असा अंदाज आला की आधीच आदेश काढायचे असं ठरलं, आणि पायरीचं नाव झालं 'सिव्हिअर प्लस'. बातम्यांत मात्र आणीबाणीच चालू.

पंचवटीकर: नोव्हेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या प्राधिकरणाने 'पब्लिक हेल्थ इमर्जन्सी' जाहीर केली होती की, त्यामुळे सगळाच दोष पेपरवाल्यांना नको. आणि 'आणीबाणीचा प्रसंग' हे मराठीत ७५ च्या कितीतरी आधीपासून आहे, आजोबांना सांग.

सातपूरवाला: सांगून बघतो 😄 पण नाशिकला कधी लागणार?

द्वारकासर्कल: ग्रॅप फक्त दिल्ली-एनसीआरला. आपण २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहोत, त्यात काही वर्षांत धूळ एवढी कमी करा असं टार्गेट असतं, उद्या सकाळी ट्रक थांबवा असं नाही. एक्यूआयचा आकडा बघून २०१ पासून खराब, ३०१ पासून अतिखराब, ४०१ पासून गंभीर म्हण, भांडण नको.

निफाडकर: त्यात पीएमचा आकडा २४ तासांच्या सरासरीचा. आमच्याकडे पारा उतरला की धूर वर जातच नाही, पहाटे सगळे त्याला धुकं म्हणतात आणि दुपारी ऊन पडलं की मोकळं होतं, सरासरीत काय दिसणार डोंबल. गल्लीतल्या कचऱ्याला आणीबाणीची वाट बघू नको, फोटो काढ आणि मनपाला तक्रार टाक.