'द घान' हे नाव सन्मान की जखमेवर मीठ?

वाळवंटी_वारा (धागाकर्ता):
परवा ऑस्ट्रेलियातल्या 'द घान' गाडीचा व्हिडिओ बघितला. ॲडलेड ते डार्विन, आलिशान डबे, वाईन, आणि गाडीचं चिन्ह काय तर उंटावर बसलेला माणूस. घान म्हणजे 'अफगाण'मधला शेवटचा तुकडा. १८६० पासून कराचीहून उंट आणि उंटवाले बोटीत भरून नेले, पुढच्या पन्नास-साठ वर्षांत दोन हजारांच्या वर माणसं आणि वीसेक हजार उंट, बहुतेकांशी तीन वर्षांचा करार आणि बायकामुलं मागे गावी. लोकरीचे गठ्ठे, पीठ, टेलिग्राफच्या तारेचे खांब, रुळाचं सामान, सगळं यांच्या उंटांवर. आणि १९०३ च्या कायद्याने आशियातून आलेल्या माणसाला नागरिकत्वाची दारंच बंद केली. नागरिक म्हणून नको पण लोगो म्हणून चालतात! मला तरी हे नाव म्हणजे निव्वळ मार्केटिंग वाटतं, बदला म्हणावं ते.

कडू_कारलं:
असहमत. निदान नाव तरी राहिलं की हो. गाडी नसती तर तुम्ही आज हा धागा काढला असता का? आणि सारखं बिचारे बिचारे करू नका. फैज आणि टाग महोमेट हे भाऊ बघा, कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींना माल पुरवायचे, शेकडो उंटांचे मालक, त्यांच्याकडे माणसं पगारावर होती. धंदेवाले लोक होते ते, पक्के.

वाळवंटी_वारा:
टाग महोमेटचा १८९६ मध्ये कूलगार्डीच्या मशिदीत नमाज पढताना खून झाला. खुनी त्यांच्यातलाच होता म्हणून फाशी तरी झाली. त्याआधी १८९४ मध्ये पाणवठ्यावरच्या भांडणात एका गोऱ्याने अफगाणाला गोळी घालून मारलं, तो निर्दोष सुटला. पैसा होता हो, पण कोर्टात त्याचा काय उपयोग?

तिरका_डोळा:
मुळात 'अफगाण' हेच चुकीचंय. त्यात बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी असे सगळेच होते, गोऱ्यांनी पगडी बघितली की लावला शिक्का. तिथल्या ब्रोकन हिल गावच्या जुन्या मशिदीत एक पुस्तक कित्येक वर्षं कुराण म्हणून जपून ठेवलं होतं, शेवटी उघडून वाचलं तर बंगाली काव्य निघालं 😀 आणि हो, कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती, १९३६ ला सिंध वेगळा झाला. म्हणजे कागदोपत्री ही मंडळी आपल्याच इलाख्याच्या बंदरातून गेली आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात यावर एक ओळ नाही.

शेवटचा_बाक:
सगळे एकच बाजू बघताय. देशाच्या आरपार टेलिग्राफची लाईन १८७२ ला पुरी झाली ती कोणाच्या जमिनीवरून? आदिवासींच्या. उंटांचे कळप त्यांच्या पाणवठ्यांवर जाऊन पाणी संपवायचे. उंटवाले शोषित होते मान्य, पण गोऱ्यांना आत घुसायला वाट त्यांनीच करून दिली ना.

ॲडलेडकर:
@शेवटचा_बाक, अर्धं बरोबर. पण त्याच आदिवासी बायकांशी त्यांची लग्नं झाली, वंशज आजही आहेत, आणि ते दोन्ही वारसे अभिमानाने सांगतात. आपण इथे बसून कोण घुसखोर कोण हमाल असे कप्पे पाडायचे म्हणजे अवघडच. उंटांचं तर विचारूच नका, ट्रक आल्यावर भाव शून्य, १९२५ च्या कायद्याने बिनपट्ट्याचा मोकाट उंट पोलिसाला मारता यायचा, तेव्हा कित्येकांनी मारायचा जीव होईना म्हणून जनावरं वाळवंटात सोडून दिली. त्यांचीच पिलावळ आज हेलिकॉप्टरमधून मारतात, २०२० मध्येही हजारोंनी मारले.

कडू_कारलं:
बघा, म्हणजे धंदा ट्रकने बुडवला, रेल्वेने नाही! उलट दक्षिणेकडून येणारे रूळ १८९१ ला ऊडनाडाटा गावापर्यंत येऊन थांबले ते १९२९ पर्यंत, तिथून ॲलिस स्प्रिंग्सपर्यंत चारशे किमीहून जास्त अंतर माल उंटावरच जायचा. रेल्वे आणि उंट भागीदारच होते की. मग गाडीला त्यांचं नाव दिलं तर पोटात का दुखतं?

वाळवंटी_वारा:
नाव 'दिलं' म्हणे. एक किस्सा असाही सांगतात की एका स्टेशनवर अफगाण प्रवासी नमाजाला उतरून पळाला आणि रेल्वेवाल्यांनी चेष्टेत गाडीला 'अफगाण एक्सप्रेस' म्हटलं. खरंखोटं रेल्वेवाले जाणोत, पण हे तुमच्या सन्मानात बसतं का?

ॲडलेडकर:
नावावरनं भांडताय म्हणून सांगतो. मरी नावाचं गाव आहे, जुनी घान तिथूनच जायची. उंटवाल्यांची मोठी वस्ती, खजुराची झाडं, मातीची मशीद. रुळाच्या एका बाजूला गोरे राहायचे, दुसऱ्या बाजूला अफगाण आणि आदिवासी. मधे तीच लाईन.

कडू_कारलं:
हे माहीत नव्हतं. रुळाचा मुद्दा मान्य. नाव बदला हे मात्र अजूनही अमान्य, फार तर डब्यात त्या रुळाचा फोटो लावा, वाईन पिताना दिसेल असा.