'स्पनलेस'ला मराठीत काय म्हणायचं? गुंफलेलं, गुंतवलेलं, का अजून काही?

शिरोळकरीण: नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. पुतण्याच्या शाळेतली पोरं इचलकरंजीला नॉनवोवनचं युनिट बघायला जाणारेत आणि त्यांना मराठीत पानभर माहिती लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण काय तर घरात मराठीची बाई मी एकटीच. त्या मशीनवर वेट वाइप्सचं, तोंडाला लावायच्या शीट मास्कचं, ऑपरेशनच्या गाऊनचं कापड निघतं, आणि ते सूत न कातता, न विणता, नुसत्या पाण्याच्या माऱ्यानं. पुस्तकी नाव हायड्रोएन्टँगलमेंट, धंद्यातलं नाव स्पनलेस. मोबाईलला विचारलं तर 'जल गुंतागुंत' असं आलं, वाचून बाळंतपणाची केस अडल्यासारखं वाटतंय. चांगला शब्द सुचवा.

तांबडापांढरा: पाणीमार कापड. विषय संपला, जेवायला चला.

जुनामाग: इचलकरंजीत ३५ वर्षं जॉबर होतो, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, म्हणून बोलतो. ताई, काहीही लिहा पण 'वॉटरजेट कापड' लिहू नका. आमच्या गावात वॉटरजेट म्हटलं की माग. त्यात पाण्याची चिळकांडी बाण्याचा धागा ह्या कडेपासून त्या कडेला नेते, म्हणजे धोट्याचं काम पाणी करतं, पण विणणं ते विणणंच, ताणा आहे बाणा आहे. तुम्ही म्हणताय त्यात पाणी धागा नेत नाही, मुळात धागाच नाही. आणि खरं सांगू का, १९०४ ला गावात पहिला यंत्रमाग आला तेव्हापासून ताण्याबाण्यावर जगलेलं गाव आहे हे, ज्यात दोन्ही नाहीत त्याला कापड म्हणायला माझी जीभ वळत नाही.

बीटेकवाला: काका, माग आणि हे वेगळं, हे बरोबर. पण कापड न म्हणून कसं चालेल, इचलकरंजीच्या डीकेटीई कॉलेजात नॉनवोवनसाठी, म्हणजे न विणलेल्या कापडासाठी, आख्खं सेंटर ऑफ एक्सलन्स उभं आहे. ताई, मशीनमध्ये काय होतं ते बघा म्हणजे शब्द सापडेल. व्हिस्कोस, पॉलिएस्टर नाहीतर ब्लीच केलेला कापूस, तो कार्डिंगला पिंजून त्याची मऊ जाळी करतात, फुंकलं तर उडेल अशी. ती तारेच्या जाळीच्या पट्ट्यावर नाहीतर भोकं पाडलेल्या ड्रमवर पुढं सरकते आणि वरनं पाण्याच्या बारीक धारांची रांगच्या रांग बसते. धार जिथनं निघते ते भोक म्हणाल तर ०.१ मिमीच्या आसपास, डोक्याच्या केसापेक्षा थोडंसंच जाड, आणि एका इंचात अशी ४० च्या आसपास. पहिल्या रांगेला प्रेशर कमी, नुसतं भिजवून दाबायला, मग पुढं वाढवत वाढवत १०० बार, काही मालाला २०० च्या वर. गाडीच्या टायरला आपण ३२ पीएसआय मारतो ना, १०० बार म्हणजे १४५० पीएसआय, हिशोब करा. एवढ्या जोरानं पाणी तंतूंना वरनं खाली ढकलतं, खालच्या जाळीवर आपटून उसळतं आणि खालचे तंतू वर उचलतं, ह्या वरखाली धिंगाण्यात तंतू एकमेकांच्या गळ्यात पडतात. खाली सक्शन लावून पाणी ओढून घेतात, गाळून परत वापरतात. गाळलं नाही तर एवढ्याशा भोकात कचरा अडकतो आणि मालावर लांबच्या लांब रेघ उमटते. मग ड्रायर. गोंद नाही, खळ नाही, तंतू वितळवणं नाही.

शिरोळकरीण: 'एकमेकांच्या गळ्यात पडतात' हे मी ढापणार. पण मग स्पनलेसमधलं 'लेस' म्हणजे सूत नसलेलं असं का? वायरलेससारखं?

बीटेकवाला: नाही ओ, ही साडीला लावायची लेस. खालची जाळी जाडसर असली की तारांच्या गाठींवरनं तंतू बाजूला सरतात आणि कापडाला नक्षीसारखी बारीक भोकं पडतात, लेससारखी. देवनागरीत दोन्ही 'लेस' एकच दिसतात त्यामुळं घोटाळा.

जुनामाग: म्हणजे चुकीचा अर्थच जास्त बरोबर. सूत नाहीच त्यात!

शिरोळकरीण: 😄 खरंय काका. बरं, आता मूळ क्रियापद. माझ्या मनात आधी 'गुंफणे' होतं, 'जलगुंफित' वगैरे, पण जमेना. गजरा गुंफतो, गोफ गुंफतो, म्हणजे कुठला पदर कुठनं जाणार हे हाताला आधी माहीत असतं. इथं कुठला तंतू कुठं जाईल ते पाण्यालाही माहीत नाही. उलट 'गुंतणे' म्हटलं की आपोआप आणि बहुतेक नको असताना होणारी गोष्ट, पतंगाचा मांजा गुंततो, लोकर गुंतते आणि मग आई ओरडते. मुद्दाम गुंता करणं ह्याला आपल्याकडं शब्दच नाही, कारण मुद्दाम असलं कोण करतंय. 'गुंतवणे' आहे पण 'गुंतवलेलं' म्हटलं की लोकांना पैसे आठवतात.

तांबडापांढरा: आमचे भिशीत गुंतवलेत, त्यांचंही कापड झालं तर बरं.

पिंजाऱ्याची नात: मुद्दाम गुंता कोण करत नाही म्हणालात ताई? आमच्या आज्यानं आयुष्यभर तेच केलं. जेन माहीत आहे का कुणाला? धनगराच्या मेंढीची लोकर पिंजायची, चटईवर थरावर थर पसरायची, साबणाचं पाणी शिंपडायचं, गुंडाळी करून हातापायानं मळत बसायचं, तासन् तास. घोंगडं मागावर विणतात, जेन विणत नाहीत. अंथरायला घ्यायचे लोक. तर ह्याला घरात 'लोकर बसली' म्हणायचे. अजून नाही बसली, आता बसली, असं.

शिरोळकरीण: अगं काय सुंदर!! 'बसली'!

बीटेकवाला: जेन म्हणजे फेल्ट. तत्त्व जवळचं आहे पण एक फरक. मेंढीच्या लोकरीला सूक्ष्म खवले असतात, ओल्या लोकरीला मळलं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. व्हिस्कोस पॉलिएस्टरला खवले नसतात, म्हणून तिथं पाण्याच्या जोरानंच तंतू वळवावे लागतात.

जुनामाग: मग नात म्हणते ते चालतंय की. केसाला जट बसते म्हणतोच आपण.

शिरोळकरीण: जट नको काका, वाइप्स तोंडाला लावायचे आहेत. विंचरल्यावर फणीत राहतं त्या गुंतवळाचाही विचार केला होता, तोही ह्याच कारणानं सोडला. शिवाय झोत, धार, फवारा यातलं काय? फवारा म्हटलं की रंकाळ्यावरचं कारंजं डोळ्यासमोर येतं, त्यानं काय कापड होणार.

बीटेकवाला: फवारा तर नकोच. फवाऱ्यात पाण्याचे थेंब होतात, इथं धार फुटता कामा नये, सरळ सुईसारखी यायला पाहिजे. काटेरी सुया टोचून तंतू अडकवायची पद्धत वेगळी आहेच, नीडलपंच, तिथं सुई लोखंडाची, इथं पाण्याची. आणि पोरांना एक करायला सांगा, बाजाराची नॉनवोवन पिशवी, महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीत आलेली, ती उजेडात धरायची. त्यावर ठिपके ठिपके दिसतील, तिथं प्लास्टिकचे तंतू गरम रोलरनं चिकटवलेत. वाइप उजेडात धरलं तर ठिपके नाहीत, पण नीट बघितलं तर कधीकधी धारांच्या फिकट उभ्या रेघा दिसतात.

शिरोळकरीण: हे लिहिलं बघा, कसं वाटतंय: "स्पनलेस म्हणजे धारेनं बसवलेलं कापड. आज्या-पणज्याच्या काळी लोकर मळून जेन बसवायचे, तसंच इथं पाण्याच्या सुईसारख्या धारा पिंजलेल्या तंतूंना एकमेकांच्या गळ्यात पाडतात." नाव स्पनलेसच ठेवलंय, कारखान्यात गेल्यावर तोच शब्द ऐकू येणार. जलगुंफित वगैरे पुस्तकात राहू दे.

पिंजाऱ्याची नात: आज्जीला वाचून दाखवलं. ती म्हणते 'बसवलेलं' बरोबर आहे, पण पाण्यानं एवढ्या झटक्यात बसतंय तर मग आमचे गुडघे कशाला गेले.

जुनामाग: ठीक आहे. कापड म्हणा.